ओंतालबाचे सहा नकार

ओंतालबा, १२ फेब्रुवारी २०१८

सातुरिओ,

हे पत्र बहीण म्हणून लिहीत नाही. ग्रामसभेला गैरहजर असलेल्या मतदाराला झालेला निर्णय सरपंचाने लेखी कळवायचा असतो, आणि तीन वर्षं झाली, गावची सरपंच मी आहे. अकरा मतदारांच्या गावात गैरहजर तू एकटा. ट्रक चालवतोस, सारागोसात राहतोस, पण नाव इथल्या यादीतून काढत नाहीस. वाटणीचं ओकचं लाकूड दर वर्षी देल्फीनला जाळायला देऊन टाकतोस, म्हणजे लाकडासाठीही नव्हे. का ठेवलंयस ते मी कधी विचारलं नाही, आताही विचारत नाही.

तर निर्णय. एका कंपनीला गावाचं वरचं कुरण तीस वर्षांच्या कराराने हवं आहे. तिथे चार हजार डुकरांच्या शेड बांधायच्या आणि त्यांना पाणी आपल्या झऱ्याचं. बदल्यात देवळाचं छप्पर, गल्लीत नवे दिवे आणि तीन नोकऱ्या. झरा त्यांनी घेतला की उन्हाळ्यात आपल्या नळाला काय येईल, आणि डुकरांचं मूत मुरल्यावर त्याला वास कसला येईल, ते करारात लिहिलेलं नाही.

पंचायतीच्या खोलीचं छत गळतं, म्हणून सभा माझ्या बारमध्ये, टेलिक्लबमध्येच भरली. पत्त्यांची टेबलं जोडली, टीव्ही बंद केला. मत नेहमीसारखं तोंडी. सगळ्यात म्हाताऱ्यापासून सुरुवात. प्राक्सेदेस मावशी ब्याण्णव वर्षांची, ती पहिली. काठी आपटून म्हणाली, "मला वाइनच्या पिंपात बुडवा, बाहेर काढा, परत बुडवा आणि मग विचारा. तरी विसरा." अबुन्दिओ नुसतं "दूध" म्हणाला. विसितासिओन म्हणाली, "मी मेल्यावर माझ्या थडग्याला विचारा. ते उठून तुम्हाला हाकलेल." उल्पियानोने मेंढरं हाकलतात तसा हात केला, "बोलूच नका." देल्फीनने मधमाश्यांची टोपीसुद्धा काढली नव्हती, आतूनच म्हणाला, "बसा वाट बघत." आणि मी म्हणाले, "हे थट्टेतसुद्धा विचारायचं काम नव्हतं."

रुपेर्तोच्या घरातली चारही माणसं "हो" म्हणाली. रुपेर्तो वाईट माणूस नाही. मला म्हणाला, "सरपंचबाई, झरा स्वच्छ राहील आणि प्यायला कुणी उरणार नाही. मग काय करणार त्या पाण्याचं?" याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. पण चार हजार डुकरं हेही उत्तर नाही.

सहा विरुद्ध चार. निर्णय कळवला. उत्तराची अपेक्षा नाही.

आणि वडिलांच्या मातीनंतर याच टेलिक्लबमध्ये मी जे बोलले, त्यातला एक शब्दही मागे घेतलेला नाही. मी नरमले म्हणून पत्र आलं असं तुला वाटू नये, एवढ्यासाठी लिहिते.

कासिल्दा


ओंतालबा, ९ मार्च २०१८

सातुरिओ,

पुन्हा सरपंच म्हणूनच लिहिते आहे. मागच्या पत्रातला निर्णय रद्द झाला.

आपली नवी सेक्रेटरी नेरेआ लोग्रोन्योची आहे. सव्वीस वर्षांची, सात गावांचं दप्तर एकटी सांभाळते, आपल्याकडे मंगळवार-शुक्रवार येते. पोरगी प्रामाणिक आहे. तिला शिकवलेलं की इतिवृत्तात माणूस बोलला ते जसंच्या तसं लिहावं, पदरचा शब्द घालू नये. तिने तसं लिहिलं. पिंप, थडगं, दूध, सगळं. खाली माझी सही आणि गावाचा शिक्का.

कंपनीच्या वकिलाने त्या कागदावर हरकत घेतली. म्हणतो, ठरावाच्या बाजूने चार स्पष्ट मतं आहेत. विरोधात एकही नाही, कारण "नाही" हा शब्द इतिवृत्तात कुठेच आढळत नाही. "दुधाचा उल्लेख विषयाशी असंबद्ध," असं त्याने लिहिलंय. इथल्या सोरियातच जन्मलेला माणूस. याच्या आईने याला दिवसातून दहा वेळा "दूध" म्हणून उडवून लावलं असेल. सबब, म्हणतो, ठराव चार विरुद्ध शून्य असा मंजूर समजावा.

वरच्या ऑफिसने तेवढं मान्य केलं नाही. पण फेरमतदान घ्या म्हणाले. प्रत्येकाने "हो" किंवा "नाही" एवढंच बोलायचं, दुसरा शब्द काढला तर मत बाद. तारीख ६ मे.

नेरेआ रडवेली झाली होती. "कासिल्दाबाई, माझ्यामुळे झालं." मी म्हटलं, तुझ्यामुळे नाही. आम्ही सहा जणांनी ठरवून "नाही" टाळलं होतं.

का, ते तुला समजेल, तिला समजायला वेळ लागला. कंपनीने बोर्खा नावाचा एक तरुण पाठवलाय. बिनबाह्यांचं फुगीर जाकीट, पायात कधी चिखल न पाहिलेले बूट, बोलायला गोड. नाताळात प्रत्येक घरी डुकराची खारवलेली तंगडी घेऊन आला. आपल्याकडे दारात वस्तू आली की माणूस काय म्हणतो? नाही नाही, कशाला, नाही म्हणजे नाही. तीनदा म्हणायचंच असतं. आईकडे दुसऱ्यांदा सूप घेताना तूही म्हणायचास आणि वाडगा पुढे करायचास. बोर्खाने हसत सगळ्यांच्या टेबलावर तंगड्या ठेवल्या आणि गेला. मला म्हणाला, "माझी आजी पालेन्सियाच्या खेड्यातली आहे, मला सवय आहे. तुम्ही लोक नाही म्हणता म्हणजे जेवण सुरू झालं असं समजायचं."

मावशीच्या कानावर हे गेलं. मतदानाच्या आदल्या दिवशी सगळ्यांना बोलावून तिने बजावलं, "उद्या कुणी नाही म्हणू नका. तो वाढायला घेईल."

म्हणून आम्ही असं बोललो की कुठल्याही आईच्या पोटच्या माणसाला गैरसमज होऊ नये. आणि तेच बाद झालं. साध्या "नाही"ला इथे कुणी मोजत नाही, आणि ऑफिसात दुसरं काही मोजत नाहीत.

तंगड्या मी सगळ्या गोळा करून टेलिक्लबच्या तुळईला टांगल्यात. सहा आहेत. परत न्यायला सांगितलंय, नेत नाही. अबुन्दिओ रोज त्यांच्याकडे बघत कॉफी पितो, पण सुरी कुणी लावलेली नाही.

सहा आहोत आम्ही, हे लक्षात असू दे. तुझी गरज आहे म्हणून लिहीत नाही. नियम आहे म्हणून लिहिते.

कासिल्दा


ओंतालबा, २ एप्रिल २०१८

सातुरिओ,

प्राक्सेदेस मावशी गुड फ्रायडेला देवळाच्या पायऱ्यांवर पडली. खुब्याचं हाड मोडलं. सोरियाच्या इस्पितळात शस्त्रक्रिया झाली, बरी आहे, नर्सांना शिव्या घालते आहे. पण जूनच्या आधी घरी सोडणार नाहीत. मत सभेत येऊनच द्यावं लागतं. म्हणजे आम्ही पाच.

पाचही नाही. उल्पियानो हलला.

त्याचा मुलगा बार्सेलोनात कुठल्याशा गोदामात रात्रपाळी करतो, तुला माहीत असेल. बोर्खाने उल्पियानोला सांगितलं, शेडवर देखरेख करणारा लागेल, गावचाच हवा, घर देऊ. तेव्हापासून उल्पियानो पत्ते खेळायला येत नाही. परवा मेंढरं घेऊन खालच्या रस्त्याने चालला होता, मला चुकवायला. मी आडवी गेले.

"उल्पियानो, तोंड का लपवतोस?"

"लपवत नाही. तोंड आहे तिथेच आहे."

"सहा तारखेला काय म्हणणार आहेस?"

"तुला मूल नाही, कासिल्दा." असं म्हणाला आणि कुत्र्याला शीळ घातली. मी रस्त्यातून बाजूला झाले.

तर आता मोजणी अशी. विरोधात अबुन्दिओ, विसितासिओन, देल्फीन आणि मी, चार. बाजूने रुपेर्तोची चार आणि उल्पियानो, पाच. यादीत एक नाव उरतं. ते विरोधात पडलं तर पाच-पाच, आणि बरोबरी झाली की सरपंचाचं मत दोनदा धरतात.

हे मी नुसतं मांडलंय. तुला ये म्हणत नाही. कुणाला "ये" म्हणायला मी उंबऱ्यात उभी राहिलेली नाही, आताही राहणार नाही. तारीख ६ मे, रविवार, देवळातली मिस्सा झाल्यावर बारा वाजता. यादीतल्या प्रत्येकाला तारीख कळवायची असते, म्हणून लिहिली.

मावशीला भेटायला गेले होते. तिने पहिलं काय विचारलं सांगू? "पोराला पत्र लिहिलंस का?" म्हटलं, नोटीस पाठवली. म्हणाली, "चाळीस माणसांसमोर त्याच्या तोंडावर दार आपटलंस आणि आता नोटीस पाठवतेस. बापावर गेलीस." मी तिची उशी नीट केली आणि निघाले.

कासिल्दा


ओंतालबा, १४ एप्रिल २०१८

सातुरिओ,

तुझं पत्र मिळालं. पोस्टमन काउंटरवर ठेवून गेला, मी तिथेच उघडलं. नऊ वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. अजून तसंच, ओळी उतरत जातात. "सहा तारखेला बाराला येतो. नाही म्हणतो. दोनला निघतो. जेवायला थांबत नाही. सातुरिओ." अबुन्दिओने विचारलं, काय आलंय? म्हटलं, विजेचं बिल. "बिल वाचून डोळे पुसणारी पहिलीच बघतोय," म्हणाला. त्याला सांगितलं, कांदा चिरत होते. कांदा कुठेच नव्हता.

तू येतोस म्हणालास ते मला अपेक्षित नव्हतं. आभार मानायची आपल्या घरात पद्धत नाही, म्हणून मानत नाही.

पण मध्येच एक घोळ झालाय. कंपनीच्या वकिलाने दुसरा अर्ज केला. यादीतला प्रत्येक मतदार खरोखर गावात राहतो, असं सरपंचाने सहीशिक्क्यानिशी लिहून द्यावं. रोख कुणावर आहे ते उघड आहे. कागद मंगळवारी आला. अकरा नावं आहेत, प्रत्येकापुढे "येथे कायम राहतो" असं छापलंय, खाली माझ्या सहीची जागा. तीस तारखेच्या आत पाठवायचा.

सही केली तर कुणी तपासायला येणार नाही. वडिलांचं घर आहे, दारावर तुझं आडनाव आहे. नेरेआ नजर चुकवून म्हणाली, "बाई, सात गावांत असे कागद दर वर्षी होतात." देल्फीन म्हणाला, "सही कर आणि झोप." विसितासिओनने तर माझ्या हातात पेन दिलं.

कागद खणात ठेवलाय.

आणखी एक. मावशीकडे परवा पुन्हा गेले. केस विंचरून वेणी घातलेली होती. मी विचारलं, नर्सने घातली का? म्हणाली, "नार्सिसाने, तुझ्या भावजयीने. दोनदा येऊन गेली. सातुरिओ खाली ट्रकमध्ये बसून राहतो, तुझी गाठ पडेल म्हणून." हिरव्या केळ्यांचं सूप आणलं होतं म्हणे, मावशी सगळं प्यायली. वर मला ऐकवलं, "त्या मुलीला नाही म्हणता येत नाही. मी हातातली बांगडी देऊ केली. 'पुन्हा कधीतरी घेईन हं, आजी,' म्हणाली. संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की तिने नाही म्हटलं होतं. त्यांच्या इक्वेडोरमध्ये असंच म्हणतात. आणि तू? तुझं नाही ऐकलं की माणूस नऊ वर्षं गाव सोडतो."

इस्पितळात जायचं तर वर जात जा. मी गुरुवारी जाते. बाकीचे सहा दिवस तुझेच.

कासिल्दा


ओंतालबा, २७ एप्रिल २०१८

सातुरिओ,

मी सही केलेली नाही. आज शुक्रवार, नेरेआ आली होती. तुझं नाव यादीतून काढलं, दहा नावांचा दाखला पाठवला. सहा तारखेला येऊ नकोस, आलास तरी मत देता येणार नाही.

रागावशील. रागाव. तू नऊ वर्षांनी हात पुढे केलास आणि मी दुसऱ्यांदा दार लावलं, असंच दिसतंय ते. गावातही तसंच दिसतंय. विसितासिओन माझ्याशी बोलत नाही. देल्फीन म्हणाला, "तुझ्या नाकापायी आम्ही डुकरांचं मूत प्यायचं."

का केलं ते एकदाच लिहिते. बुधवारी उल्पियानो दारात आला. मेंढरं रस्त्यात उभी, हा चौकटीला टेकलेला. म्हणाला, "एक विचारतो. सातुरिओ इथे राहतो असं लिहून देणार आहेस?"

"माझं मी बघीन."

"बघ. मी म्हणत नाही देऊ नको. मी फक्त विचारतो. तू तुझ्यासाठी करणार, मी माझ्यासाठी करणार. मग सहा तारखेला माझ्याकडे त्या डोळ्यांनी बघू नकोस, एवढंच."

तो गेल्यावर मी खण उघडला. "येथे कायम राहतो." तू इथे राहत नाहीस. आणि का राहत नाहीस ते या गावात माझ्याइतकं कुणाला माहीत आहे? तुला राहायचं होतं. मातीच्या दिवशी जेवणं झाली तेव्हा तूच म्हणालास, मी आणि नार्सिसा वडिलांचं घर उघडं ठेवू, बंद घर पडतं. मी काय बोलले ते तुझ्या लक्षात आहे. मग आज माझ्या सोयीसाठी त्याच कागदावर तू इथे राहतोस असं मी कुठल्या तोंडाने लिहू? मी तुला घालवलं आणि मीच तू गेलाच नाहीस असा शिक्का मारू? मला पिंपात बुडवलं तरी ते जमायचं नाही.

पहिल्या वेळी दार लावलं तेव्हा मी चुकले होते. हे वाक्य लिहायला मला सकाळपासून दुपार झाली. या वेळी चुकले नाही.

हरणार बहुतेक. चार विरुद्ध पाच. हरू, पण मी मोठ्याने हरेन.

कासिल्दा


ओंतालबा, ७ मे २०१८

प्रिय सातुरिओ,

काल काय झालं ते दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत सांगते.

नऊ जण होतो. मागे बोर्खा, मांडीवर करार, शेजारी वकील. तंगड्या डोक्यावर लटकत होत्या, वकिलाने खुर्ची दोनदा सरकवली. नेरेआने नियम वाचला: एकच शब्द.

मावशी नाही, म्हणून अबुन्दिओपासून सुरुवात. उभा राहिला, टोपी काढली, ओठ हलवले. ऐंशी वर्षांचा माणूस, आयुष्यात असं कोरडं बोलला नसेल. "नाही." विसितासिओन, "नाही," आणि एवढ्यानेच तिला धाप लागली. रुपेर्तो, "हो." त्याची बायको ओब्दुलिया, "हो." मग उल्पियानो.

तो उठला नाही. बसल्या जागी म्हणाला, "सेक्रेटरीबाई, मला आधी माझं बोलू द्या. मग तुमचा शब्द लिहा."

वकील म्हणाला, दुसरा शब्द काढला तर मत बाद.

"मत अजून दिलंच नाही, बाद काय करतोस? मी सध्या नुसता बोलतोय. बारमध्ये बसलोय ना मी?"

नेरेआने पेन खाली ठेवलं. मग उल्पियानो बोलला. कुरणापासून सुरुवात करून कंपनी, कंपनीची आजी, डुकरं, डुकरांचा बाप, बोर्खाचे बूट असं सगळं घेतलं. वीस वर्षं मी बार चालवते, त्यातलं अर्धं मलाही नवीन होतं. ओब्दुलियाने छातीवर क्रूसाची खूण केली, पण कान झाकले नाहीत. शेवटी तो उभा राहिला, पँट वर ओढली आणि म्हणाला, "आता लिहा. नाही."

बोर्खा उठला. "उल्पियानो, आपलं ठरलं होतं."

"तुझं ठरलं होतं. मी तेव्हा नाही म्हणालो होतो. तू ऐकलं नाहीस."

नंतर देल्फीन नाही, मी नाही, रुपेर्तोची दोन्ही मुलं हो. पाच विरुद्ध चार. नेरेआने लिहिलं, सगळ्यांनी सह्या केल्या. झरा राहिला. निदान तीस वर्षांची सही तरी झाली नाही.

बाहेर उल्पियानोला गाठलं. मला वाटलं हसेल. माझ्यावर भडकला. "तू सही केली असतीस ना, तर मी निवांत 'हो' म्हणून घरी गेलो असतो. तू भावासाठी खोटं केलंस, मी पोरासाठी मत विकलं, फिटंफाट. पण तू आपल्याच भावाचं नाव खोडलंस. मग मी काय तोंड घेऊन 'हो' म्हणू? नऊ वर्षं भावाशी भांडलीस ते पुरलं नाही, आता मला माझ्या पोराशी भांडायला लावलंस." त्याने तिथूनच मुलाला फोन लावला. तीनदा लावला. पोराने उचलला नाही. आम्ही जिंकलो असं म्हणतात तेव्हा मला तो फोन दिसतो.

पण हे सभेनंतरचं. सभा संपायच्या आधी "इतर विषय" असतो. दर वेळी त्यात कुणाची कुत्री आणि कुणाचा कचरा निघतो. काल मी म्हटलं, माझा एक विषय आहे, लिहून घे. नेरेआने विचारलं, जसंच्या तसं? म्हटलं, एक शब्दही बदलू नकोस.

मी उभी राहिले आणि सांगितलं की जानेवारी २००९ मध्ये, वडिलांच्या मातीच्या दिवशी, याच खोलीत, चाळीस माणसांसमोर मी म्हणाले होते की मला कुणी वाइनने फुटेस्तोवर पाजलं तरी ती बाई माझ्या आईच्या पलंगावर झोपणार नाही. ती बाई म्हणजे नार्सिसा. दोन वर्षं तिने वडिलांना उचललं, पुसलं, भरवलं. त्यांचा शेवटचा श्वास तिच्या हातावर गेला, कारण मी तेव्हा कॉफी करत होते. वडिलांना उचलायला ती मला चालत होती. माझी भावजय म्हणून ताटाला ताट लावून बसायला चालत नव्हती. हे मी म्हणाले होते, ते चूक होतं, आणि ते मी मागे घेते. जिथे बोलले तिथेच घेते.

बोर्खा अजून दारात होता, त्याला बाहेर जावं की नाही कळेना. मग रुपेर्तोने घसा खाकरला. नुकताच हरलेला माणूस. म्हणाला, "बाई, याला तरी माझं 'हो' लिहा." मग सगळ्यांनी लिहायला लावलं. नऊच्या नऊ. दिवसभरात एकमताने झालेला तेवढा एकच ठराव.

प्रत सोबत जोडली आहे, शिक्का मारलेली. नार्सिसाला वाचून दाखव. तिने माफ करावं म्हणून पाठवत नाही. ते तिचं ती ठरवेल, तिला नऊ वर्षं लागली तरी मी तोंड उघडणार नाही. बोललेलं ज्याच्या कानावर गेलं त्याच्या कानावर मागे घेतलेलंही जावं, म्हणून पाठवते.

आता घराचं. उत्तरेकडच्या बाजूने गळतं, तीन कौलं फुटलीत. मी बसवून देणार नाही. जो राहील तो बसवेल. आईचा पलंग जागेवर आहे. नाव पुन्हा घालायचं असेल तर नेरेआ मंगळवारी आणि शुक्रवारी दहा ते एक असते. दोघांनी यायचं, दोघांनी स्वतः सही करायची, नार्सिसाने पासपोर्ट आणायचा. आणि सही करायची ती इथे राहायला आल्यावर, आधी नाही. खोटी मी आताही घेणार नाही.

हे मी मतासाठी करत नाही, हे तुला पटणार नाही, म्हणून तेही लिहिते. कंपनी परत येईल. बोर्खा जाताना हात मिळवून "पुढच्या वर्षी भेटू" म्हणून गेला. उल्पियानोचा पोरगा फोन उचलत नाही, रुपेर्तोची मुलं हताश आहेत, मावशी किती वर्षं पुरणार? पुढच्या वेळी तुम्ही दोघं इथे राहिलात आणि तुम्हाला वाटलं की नोकऱ्या हव्यात, दिवे हवेत, देवळाचं छप्पर हवं, तर "हो" म्हणा. मी तुमच्याशी गल्लीभर भांडेन. तुमची नावं मात्र कुणाला खोडू देणार नाही.

तुमचं मत माझ्या विरुद्ध पडलं तरी चालेल. ते इथे राहून पडू दे.

तुझी बहीण,
कासिल्दा